सैनिकी परिचारिका होताना : ग्वाल्हेरच्या कुटुंबांसाठी काही माहिती

सन 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. हा तळ पुढे हलला नाही. त्याचेच नगर झाले आणि ‘लष्कर’ हेच त्या नगराचे नाव पडले. फौजेबरोबर दक्षिणेतून शिलेदार आले, कारकून आले, वैद्य, पुरोहित आणि व्यापारी आले. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांच्या घरी आजही मराठी बोलली जाते. ज्या कुटुंबांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी सैन्याच्या सोबतीने घरदार सोडून येथे आले, त्याच कुटुंबातील एखादी कन्या सैन्यात परिचारिका होण्यासाठी पुन्हा घर सोडण्याचे मनात आणते, तेव्हा मात्र घरात चिंतेचे वातावरण पसरते. ही चिंता स्वाभाविक आहे. परंतु तिचे मूळ पुष्कळदा अपुऱ्या माहितीत असते. ती उणीव काही अंशी भरून काढावी, हा या लेखाचा हेतू आहे.

सेवेची परंपरा

28 मार्च 1888 रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका इंग्लंडहून मुंबई बंदरात उतरल्या. भारतातील सैनिकी रुग्णालयांत सुसंघटित परिचर्येचा प्रारंभ येथून मानला जातो. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धानंतर सैनिकांच्या आरोग्यासाठी चालविलेल्या चळवळीची प्रेरणा होती. 1926 मध्ये या सेवेस स्थायी स्वरूप आले. 1943 च्या अध्यादेशाने परिचारिकांना अधिकारीपद प्राप्त झाले. स्वातंत्र्यानंतर, 1976 मध्ये, या सेवेच्या प्रमुख गर्ट्रूड अ‍ॅलिस राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत या पदावर पोहोचलेली ती पहिली महिला होय.

ग्वाल्हेरचाही या इतिहासाशी संबंध आहे. पहिले महायुद्ध सुरू होताच महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट विकत घेण्यात आली. तिचे रुग्णनौकेत रूपांतर करून 1915 मध्ये तिला ‘लॉयल्टी’ हे नाव देण्यात आले. जखमी भारतीय सैनिकांची ने-आण आणि शुश्रूषा या नौकेवर होत असे. युद्ध संपल्यावर हीच नौका सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या प्रवासाची आठवण अनेकांना असते. परंतु त्यापूर्वी हीच नौका तरंगते रुग्णालय होती, हे फारसे सांगितले जात नाही.

प्रवेशाचे दोन मार्ग

सैनिकी परिचर्या सेवेत, म्हणजेच मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, दाखल होण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग बारावीनंतरचा. सैन्यदलांची सहा परिचर्या महाविद्यालये असून त्यांत चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम शिकविला जातो. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईतील कुलाब्याचे नौदल रुग्णालय ‘अश्विनी’, दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल आणि लखनौ, कोलकाता व बंगळूर येथील कमांड हॉस्पिटले यांना ही महाविद्यालये जोडलेली आहेत. या सर्वांत मिळून 220 जागा असतात. उमेदवार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन किमान 50 टक्के गुणांनी, नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात बारावी उत्तीर्ण झालेली असावी. वय साधारणपणे 17 ते 25 वर्षांच्या दरम्यान असावे. उमेदवार अविवाहित असावी. अपत्यादी जबाबदारी नसलेल्या विधवा, घटस्फोटित वा कायदेशीररीत्या विभक्त महिलांनाही अर्ज करता येतो. 2022 पासून ‘नीट’ परीक्षेतील गुणांच्या आधारे उमेदवारांना पुढील टप्प्यासाठी बोलावण्यात येते. त्यानंतर सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे पार करावे लागतात.

दुसरा मार्ग प्रशिक्षण पूर्ण केलेल्या परिचारिकांसाठी आहे. नर्सिंगची पदवी आणि परिचर्या परिषदेची नोंदणी असलेल्या महिलांना, जाहिरात निघेल त्याप्रमाणे, अल्पमुदतीच्या कमिशनसाठी अर्ज करता येतो. 2023-24 च्या निवडीत 21 ते 35 या वयोगटातील विवाहित व अविवाहित अशा दोन्ही उमेदवारांना संधी होती. बारावीनंतर नागरी महाविद्यालयात नर्सिंग शिकलेल्या मुलीस सैन्याचे दार बंद झाले, असे समजण्याचे म्हणूनच कारण नाही.

अटी दरवर्षीच्या अधिसूचनेत स्पष्ट केलेल्या असतात. अर्ज त्या अधिसूचनेत दिलेल्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. पैसे घेऊन निवड करून देतो, असे सांगणारा मध्यस्थ भेटल्यास त्याला थारा देऊ नये. ही निवड गुणानुक्रमानेच होते.

बंधपत्र वाचून समजून घ्यावे

या मार्गातील सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे बंधपत्र होय. शिक्षणकाळात राहण्याची व भोजनाची विनामूल्य सोय होते. गणवेशासाठी भत्ता आणि दरमहा विद्यावेतनही मिळते. त्या बदल्यात शिक्षण पूर्ण झाल्यावर सैनिकी परिचर्या सेवेत काम करण्याचा करार विद्यार्थिनीस व पालकांस करून द्यावा लागतो. मध्येच शिक्षण सोडल्यास वा नंतर सेवा नाकारल्यास शासनाने केलेला खर्च परत करण्याची जबाबदारी येते. सामान्य उत्पन्नाच्या घरास हा भार लहान नसतो.

यास्तव सही करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी बंधपत्र मुलीसमवेत बसून वाचावे. इंग्रजी मजकूर समजत नसल्यास जाणकाराकडून समजावून घ्यावा. “आधी प्रवेश तर मिळू दे, पुढचे पुढे पाहू,” ही भूमिका येथे उपयोगाची नाही. मुलीची इच्छा तिची स्वतःची आहे की फुकट शिक्षणाच्या सोयीने घरच्यांनी ठरविलेली आहे, याचा उलगडाही याच वेळी व्हावा. अनिच्छेने गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षी परत येऊ लागली, तर आर्थिक नुकसानीपेक्षा तिच्या मनाची हानी मोठी असते.

कागदपत्रे, भाषा आणि प्रकृती

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, अधिवास दाखला, चारित्र्याचा दाखला, आधार पत्र आणि छायाचित्रे यांची तयारी अगोदर करावी. मराठी कुटुंबांत येणारी एक अडचण येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही एकत्र लिहिण्याची रीत आहे. मध्य प्रदेशातील शालेय प्रमाणपत्रांवर मात्र वडिलांचे नाव स्वतंत्र रकान्यात असते. परिणामी एका कागदावर तीन शब्दांचे नाव आणि दुसऱ्यावर दोन शब्दांचे, अशी विसंगती राहून जाते. शिंदे आणि सिंदिया यांसारखे आडनावांचे फरकही आढळतात. दहावीचे प्रमाणपत्र आधारभूत धरून इतर कागद वेळीच दुरुस्त करून घ्यावेत.

भाषेच्या बाबतीत ग्वाल्हेरच्या मराठी मुलीची स्थिती काहीशी अनुकूल आहे. घरी मराठी आणि बाहेर हिंदी अशा दोन भाषा तिला बालपणापासून येतात. सैनिकी रुग्णालयाच्या कक्षात देशाच्या सर्व भागांतील जवान असतात. त्यांच्याशी हिंदीत आपुलकीने बोलता येणे हा परिचारिकेचा मोठा गुण ठरतो. अडते ते इंग्रजीपाशी. ‘नीट’ परीक्षा हिंदीतून वा मराठीतून देता येते. परंतु त्यापुढील चाचणीत इंग्रजी असते आणि अध्यापनही इंग्रजीतूनच होते. हिंदी माध्यमातून शिकलेल्या मुलीने अकरावीपासूनच रोज एखादे इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्याची आणि इंग्रजीत चार वाक्ये बोलण्याची सवय ठेवावी.

प्रकृतीची तपासणी निवडीनंतर नव्हे, तर आधीच करून घ्यावी. उंचीची किमान मर्यादा सर्वसाधारणपणे 152 सेंटिमीटर असून डोंगराळ व ईशान्य भागांतील उमेदवारांना त्यात सवलत असते. रक्तक्षय, दातांचे विकार, दृष्टिदोष यांसारख्या तक्रारींवर वेळीच उपचार होऊ शकतात. नर्सिंग हे उभे राहून करावयाचे काम आहे. म्हणून चालण्याचा व धावण्याचा सराव उपयुक्त ठरतो.

बिऱ्हाड हलविताना

रुजू होण्याच्या सूचनापत्रात न्यावयाच्या वस्तूंची यादी असते. तेवढ्याच वस्तू न्याव्यात. दागिने घरीच ठेवावेत. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेल्या मुलीला मुंबई वा कोलकात्याची दमट हवा प्रथम जड जाते. तेथे सुती कपडे अधिक लागतात. दिल्ली-लखनौच्या थंडीसाठी लोकरीचे कपडे आवश्यक असतात. अंथरूण आवरणे, कपडे धुणे व इस्त्री करणे, वेळेवर उठणे आणि स्वतःचा जमाखर्च लिहिणे या गोष्टी निघण्यापूर्वी सहा महिने घरीच अंगवळणी पाडाव्यात. बँकेत तिच्या नावाचे खाते असावे आणि त्याचे व्यवहार तिने स्वतः करावेत.

प्रवासाच्या दृष्टीने ग्वाल्हेर सोयीचे ठिकाण आहे. मुंबईसाठी पंजाब मेल, पुण्यासाठी झेलम एक्स्प्रेस, बंगळूरसाठी कर्नाटक एक्स्प्रेस, तर हावड्यासाठी चंबळ एक्स्प्रेस या गाड्या येथून मिळतात. दिल्ली तर काही तासांच्या अंतरावर आहे. पहिल्या वेळी पालकांनी सोबत जावे. परतीच्या प्रवासात मुलीने एकटीने यावयाचे आहे, हे ध्यानात ठेवून तिला तिकीट व आरक्षणाची माहिती करून द्यावी.

विवाहाचा प्रश्न

“लग्नाचे काय?” हा प्रश्न आजी-मावश्यांकडून हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. शिक्षणकाळात विवाह करता येत नाही. अधिकारी झाल्यानंतर करता येतो. पूर्वी अशी स्थिती नव्हती. 1977 च्या एका सैनिकी आदेशानुसार विवाहाच्या कारणावरून परिचारिका अधिकाऱ्यास सेवामुक्त करता येत असे. 1988 मध्ये अशाच प्रकारे एका लेफ्टनंट महिलेस सेवा गमवावी लागली. तो आदेश 1995 मध्ये मागे घेण्यात आला. त्या महिलेने मात्र दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लिंगभेदच असल्याचे सांगून तिला 60 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. आज कोणत्याही मुलीला सेवा आणि संसार यांतून एकाची निवड करावी लागू नये, यासाठी एका परिचारिकेने आयुष्याची छत्तीस वर्षे मोजली आहेत, हे विसरता कामा नये.

अर्थात विवाहानंतरही बदल्या चुकत नाहीत. लेह, श्रीनगर, जोधपूर, गुवाहाटी अशा कोणत्याही ठिकाणी नेमणूक होऊ शकते. पती-पत्नींना काही काळ वेगळे राहावे लागते. स्थळ पाहताना ही गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगितलेली बरी.

निरोप

अभ्यासक्रम पूर्ण करणारी विद्यार्थिनी लेफ्टनंट म्हणून सेवेत प्रवेश करते. तिच्या खांद्यावर तारे येतात. परंतु तिचे काम रात्रपाळीत जखमीची जखम स्वच्छ करण्याचे, ताप मोजण्याचे आणि घरापासून दूर असलेल्या जवानास धीर देण्याचेच राहते. त्या जवानाचे घरही कोठेतरी दूर असते. स्वतः घर सोडून आलेल्या मुलीला त्याचे मन अधिक कळते.

म्हणून घर सोडण्याच्या तयारीस अडचण मानू नये. ती या सेवेच्या शिक्षणाचा पहिला पाठ होय. मुरारच्या छावणीजवळून जाताना किंवा ग्वाल्हेर स्थानकावर गणवेशातील अधिकारी महिला दिसताच ज्या मुलीची पावले क्षणभर थांबतात, तिच्या मातापित्यांनी तिला प्रथम सविस्तर माहिती द्यावी, मग विचारास वेळ द्यावा आणि निर्णय झाल्यावर तिला प्रसन्न मनाने निरोप द्यावा.