विमा आपोआप पुढे चालू ठेवावा का?

आता गावोगावी गाड्या झाल्या. कोणाची मोटारसायकल, कोणाची जीप, कोणाची मोटार. गाडी घेतली की तिचा विमा उतरवावा लागतो. तो मर्जीचा मामला नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड चार हजार.

पण दंडाची भीती ही लहान भीती. मोठी भीती निराळीच आहे. समजा, एका जीपने रस्त्यात एका माणसाला धडक दिली. घरचा कर्ता पुरुष गेला. त्याच्या बायकामुलांनी दावा लावला. न्यायाधिकरणाने भरपाई ठरवली. हा आकडा पुष्कळदा लाखांत जातो. विमा असेल तर विमा कंपनी पैसे भरते. विमा नसेल तर जीपवाल्याला पदरचे भरावे लागतात. मग दागिने जातात, बैल जातात, जमीनही जाते. आणि ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला पैसा वेळेवर मिळत नाही तो नाहीच. एक तारीख चुकली आणि दोन घरे बुडाली!

म्हणून विमा मधेच तुटू देऊ नये. पण दरवर्षी तारीख ध्यानात कशी राहणार? पेरणी असते, लग्नकार्य असते, दुखणेखुपणे असते. यावर एक सोय निघाली आहे. ती म्हणजे विमा आपोआप पुढे चालू ठेवणे. ही सोय चांगली की वाईट, ते आता पाहू.

आपोआप म्हणजे कसे?

आपण बँकेला किंवा कंपनीला एकदाच लेखी किंवा मोबाइलवरून संमती देतो. “दरवर्षी माझ्या खात्यातून विम्याचा हप्ता कापून घ्या.” मग तारीख आली की पैसे आपले आपण कापले जातात आणि विमा पुढच्या वर्षी चालू होतो. आपल्याला कुठे जावे लागत नाही.

संमती कार्डावरून किंवा यूपीआयवरून दिली असेल, तर रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे. पैसे कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी आपल्याला संदेश आला पाहिजे. त्या संदेशात किती रुपये कापणार ते लिहिलेले असते. नको असेल तर आपण नाही म्हणू शकतो. विम्याच्या हप्त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी नवा ओटीपी न मागता कापता येते. ही मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये ठरली. म्हणजे आलेला संदेश वाचणे ही आपली एकुलती एक राखण आहे.

याचे फायदे

पहिला फायदा, विम्यात खंड पडत नाही. विमा ज्या दिवशी संपतो, त्या दिवशी मध्यरात्री संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अपघात झाला तर कंपनी जबाबदार नाही. “उद्या भरणारच होतो,” हे म्हणणे चालत नाही. हप्ता आधी, हमी मागून, असा विम्याचा कायदाच आहे.

दुसरा फायदा, सवलत टिकते. वर्षभर आपण कंपनीकडे भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. पहिल्या वर्षानंतर शेकडा 20, मग 25, 35, 45, आणि पाच वर्षांनंतर शेकडा 50. ही सूट आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. विमा संपून नव्वद दिवस उलटले, तर ही सगळी सूट जाते. समजा, त्या भागाचा हप्ता सहा हजार आहे आणि सूट निम्मी आहे. मग तीन हजार भरायचे. सूट गेली की पुरे सहा हजार भरा, आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढा.

तिसरा फायदा, हेलपाटा वाचतो. विमा तुटल्यावर गाडीच्या नुकसानीचा विमा नव्याने काढायचा, तर कंपनी आधी गाडी तपासते. त्यात दिवस मोडतो.

याचे तोटे

आता दुसरी बाजू बघा.

पहिला तोटा, आपण भाव करीत नाही. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक भाग दुसऱ्याच्या नुकसानीचा. त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. त्याचा दर सरकार ठरवते. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा. बैल घेताना आपण चार दावणी हिंडतो. मग विमा घेताना एकाच दारी का बसावे? पैसे आपोआप कापले गेले की विचारपूस राहूनच जाते.

ब्रिटनमध्ये असेच होत होते. तिथल्या कंपन्या नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त दर देत. जुने गिऱ्हाईक काही विचारत नाही असे पाहून त्याचा दर दरवर्षी वाढवीत. शेवटी 1 जानेवारी 2022 पासून तिथे नियम झाला. जुन्या गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा जास्त दर सांगायचा नाही. यावरून एवढे समजावे, की मुकाट्याने भरणाऱ्यालाच भुर्दंड बसतो.

दुसरा तोटा, कागद तोच राहतो आणि आपली हकीकत बदलते. घरची मोटार कोणी भाड्याने फिरवू लागतो. कोणी गाडीला गॅसची टाकी बसवतो. हे कंपनीला कळवावे लागते. आपोआप चालू झालेल्या विम्यात हे विचारायला कोणी येत नाही. पुढे अपघात झाला की कंपनी तेच कारण पुढे करते आणि भरपाई अडते.

गाडीची किंमतही दरवर्षी उतरते. सहा लाखांची मोटार चार वर्षांहून जुनी झाली, की विम्याच्या हिशेबाने तिची किंमत सुमारे तीन लाख धरतात. विम्याच्या कागदावर ही किंमत लिहिलेली असते. ती फार कमी लिहिली असेल तर गाडी चोरीला गेल्यावर हाती थोडे येते. म्हणून तो आकडा वाचावा.

तिसरा तोटा, नको असलेला हप्ताही कापला जातो. बँकेत असे बोलणे ऐकू येते :

“साहेब, माझ्या खात्यातले पाच हजार कुठं गेले?”

“दादा, तुमच्या मोटारीच्या विम्याचा हप्ता गेला.”

“अहो, ती मोटार तर मी दिवाळीतच विकली!”

“मग आम्हाला कळवलंत का? तुमची संमती कागदावर तशीच आहे.”

गाडी विकली की संमतीही बंद करावी. आणि जुनी गाडी घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. पहिला मालक भरीत होता, म्हणून पुढेही कोणीतरी भरील, असे समजू नये.

चौथा तोटा, खोटा भरवसा. आपण म्हणतो, “माझं आपोआप होतं.” पण खात्यात पैसे नसले तर काहीच होत नाही. ऊसाचे, कापसाचे पैसे एका हंगामात येतात. हप्त्याची तारीख दुसऱ्या महिन्यात असते. खाते रिकामे असेल तर विमा तुटतो, आणि हप्ता परत गेला म्हणून बँकही वर आकार लावते. मोबाइलचा नंबर बदलला असेल तर संदेशही दुसऱ्यालाच जातो.

नव्या गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या मोटारसायकलीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. “पाच वर्षांची निश्चिंती झाली,” असे म्हणून कागद पेटीत टाकू नका. दोन्ही तारखा वाचा.

वीस रुपयांचा विमा

गाडी नसलेल्यांनाही हा विषय लागू आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना 2015 साली सुरू झाली. 18 ते 70 वर्षांच्या माणसाच्या बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापतात. अपघाताने मरण आले तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. हा विमा 1 जून ते 31 मे असा चालतो आणि संमती दिली की दरवर्षी आपोआप पुढे जातो. रक्कम लहान आहे, दर सर्वांना सारखा आहे. इथे भाव करण्याचे कारणच नाही. म्हणून इथे आपोआपची सोय चांगली.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे ठेवावे. आणि दोन बँकांतून दोनदा हप्ता देऊ नये, कारण भरपाई एकदाच मिळते. शिवाय हा विमा आहे हे घरच्यांना सांगून ठेवावे. वारसाला ठाऊकच नसेल, तर तो मागणार काय?

मग करावे काय?

गाडीसाठी आपोआपची सोय घेतली तरी डोळे उघडे ठेवावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर विमा संपण्याच्या तारखेच्या महिनाभर आधी खूण करावी. त्या दिवशी कागद काढून पाच गोष्टी वाचाव्या : गाडीचा नंबर, मालकाचे नाव, गाडीची किंमत, मिळालेली सूट, आणि हप्ता. मग आणखी दोन कंपन्यांचा दर विचारावा. आपला दर ठीक असेल तर तोच चालू द्यावा. नसेल तर आधी दुसरा विमा पक्का करावा, आणि मगच जुनी संमती बंद करावी. उलटे केले तर मधे खंड पडेल. संमती बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

हप्ता कापल्यावर नवा कागद आला की नाही ते पाहावे. पैसे गेले, पण कागद आला नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने ऐकले नाही तर 155255 या नंबरावर विमा नियामकांकडे फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. पुढे विमा लोकपालाकडेही जाता येते. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत.

विहिरीवर मोटर बसवली तरी पाणी कुठल्या वाफ्यात जाते ते पाहायला आपण बांधावर जातोच. विम्याचेही तसेच आहे. पैसे आपोआप जाऊ द्या, पण ते कुठे आणि किती जातात ते स्वतः वाचा. आता आपल्याला वाचता येते.

प्रश्न

1. विमा संपून किती दिवस झाले म्हणजे मिळालेली सूट जाते?
2. आपण गाडी विकली, तर बँकेला काय कळवावे?
3. तुमच्या घरी विम्याचा कागद आहे का? तो काढा आणि विमा कोणत्या तारखेला संपतो ते वाचा.