शेंडा खुडला, काठी बांधली... मग ‘आपोआप उगवलं’ कसं म्हणणार? परसातल्या गांजाच्या एका झाडावरही गुन्हा. शेतमालक, वाटेकरी आणि सरपंचांनी वाचायलाच हवं असं

गेल्या काही वर्षांत मोबाईलवर गांजाचं झाड घरी कसं वाढवायचं याचे व्हिडिओ धडाधड फिरतायत. शेंडा कधी खुडायचा, फांद्या दोरीनं आडव्या कशा बांधायच्या, झाड कुंपणापेक्षा बुटकं कसं ठेवायचं, सगळं त्यात दाखवतात. हे व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. कॅनडा किंवा अमेरिकेतल्या काही राज्यांत घरी ठराविक झाडं लावायला कायद्यानं मुभा आहे. आपल्याकडे नाही. पण व्हिडिओत ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि गावातलं पोरगं बघून परसात बी टोचून मोकळं होतं. पुढं धाड पडली की सातबाऱ्यावर नाव निघतं आईचं किंवा आजोबांचं.

म्हणून कायदा नेमकं काय म्हणतो, ते साध्या भाषेत समजून घेऊ.

झाड एक असो की शंभर, लागवड म्हणजे लागवड

अमली पदार्थांचा देशभर लागू असलेला कायदा १९८५ चा आहे. त्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. त्याच्या कलम ८ प्रमाणे गांजाचं झाड लावायला बंदी आहे आणि कलम २० मध्ये शिक्षा दिली आहे. लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

बरेच जण म्हणतात, “एक किलोच्या आत असलं तर काही होत नाही.” हे अर्धवट ऐकलेलं आहे. किलोचा हिशोब गांजा जवळ बाळगण्याला, विकण्याला आणि वाहतुकीला लागतो. तो असा:

• १ किलोपेक्षा कमी: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• १ किलोपासून २० किलोपर्यंत: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.
• २० किलोच्या वर: कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं सक्तमजुरी, दंड एक ते दोन लाख. यात जामीन मिळणं फार अवघड.

लागवडीच्या कलमात असा किलोचा टप्पाच नाही. म्हणजे कुंडीतलं एकच झाड असलं तरी ते ‘थोडंच आहे’ म्हणून सुटका होत नाही.

छाटणीनं झाड लपत नाही, उलट पुरावा तयार होतो

तुरीचा शेंडा आपण का खुडतो? वर जाणारी वाढ थांबते, बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं-शेंगा जास्त लागतात. गांजाच्या झाडाचा शेंडा खुडायला सांगतात तेही याच कारणानं. झाड पसरतं आणि फुलांचे तुरे वाढतात. आता कायद्याची व्याख्या बघा. गांजा म्हणजे या झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. म्हणजे छाटणी करून माणूस नेमकी तीच गोष्ट वाढवतो जिच्यावर बंदी आहे.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. हे झाड रानात, नाल्याच्या कडेला, उकिरड्यावर आपोआपही उगवू शकतं. अशा खटल्यांत आरोपीचा एक बचाव असतो की “मी लावलं नाही, ते आपसूक आलं.” आपोआप उगवलेलं झाड आणि मुद्दाम केलेली लागवड यात कोर्ट फरक करतं. पण झाडाला आळं केलेलं आहे, ठिबकची नळी आणलेली आहे, शेंडे खुडलेत, फांद्या सुतळीनं बांधल्यात, असं पंचनाम्यात आलं तर आपसूक आल्याचं कोण मानणार? निगा राखल्याची एकेक खूण लागवडीकडेच बोट दाखवते.

कायद्याच्या कलम ५४ मध्येही हे आहे. जी जमीन तुम्ही कसली, तिच्यावर गांजाचं झाड सापडलं आणि तुम्हाला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा तुमचाच असं कोर्ट धरून चालू शकतं.

“पानं आणि बी चालतं ना?”

हा प्रश्न हमखास येतो. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, हे खरं आहे. त्यामुळंच पोलिसांनी मुळं, देठ, पानं असं सगळं ओलं झाड तोललं तर ते सगळं वजन गांजाचं धरायचं का, यावर कोर्टात वाद होतात आणि त्या मुद्द्यावर जामीनही मिळालेत.

पण त्याचा अर्थ झाड लावायला परवानगी आहे असा होत नाही. बंदी झाडाच्या लागवडीलाच आहे. भांगेलाही राज्याचा दारूबंदी कायदा लागतो, परवाना लागतो. ऑनलाईन मिळणारं ‘हेंप सीड’ खायला २०२१ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मान्यता दिली. ती खाण्यापुरती. ते बी आणून परसात पेरायची परवानगी त्यात नाही.

उत्तराखंडात शेतकरी भांगेची शेती करतात, अशाही बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ती औद्योगिक हेंपची शेती आहे. धागा आणि बियांसाठी, सरकारी परवान्यानं, नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणाची. कलम १४ प्रमाणे राज्य सरकार अशी परवानगी देऊ शकतं. आपल्याकडे २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती. शेतमालाला भाव मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दुखणं खरं होतं, त्यात वाद नाही. पण नुसता अर्ज दिला म्हणून परवानगी मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

वाट्यानं दिलेलं रान: मालकानं काय बघावं?

तुरीत, कपाशीत, उसात मधे मधे गांजा लावल्याच्या कारवाया राज्यात वारंवार होतात. रान वाट्यानं किंवा ठोक्यानं दिलेलं असतं, मालक पुण्या-मुंबईला. अशा वेळी तीन गोष्टी कामाच्या आहेत.

एक, आपल्या जमिनीवर असं झाड आहे हे कळलं की लगेच पोलिसांना सांगणं कलम ४६ प्रमाणे जमीनधारकावर बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसलं तर तोही गुन्हा.

दोन, आपली जागा दुसऱ्याला अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर कलम २५ प्रमाणे मूळ गुन्ह्याचीच शिक्षा मालकालाही होऊ शकते.

तीन, सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावरच कुणी दोषी ठरत नाही. रान प्रत्यक्ष कोण कसत होतं, कुणाला माहीत होतं, हे बघितलं जातं. पण चौकशी सुरू होते ती सातबाऱ्यावरच्या नावापासून. म्हणून वाट्याचा व्यवहार तोंडी ठेवू नका, कागदावर घ्या. हंगामात दोन-तीन चकरा मारा. ई-पीक पाहणी वेळेवर आणि खरी करा.

सरपंच, पोलीस पाटील यांचीही जबाबदारी

कलम ४७ फार कमी लोकांना माहीत आहे. पंच, सरपंच, गावातला कुठलाही अधिकारी आणि सरकारी नोकर, यांना अशी लागवड माहीत झाली की ताबडतोब कळवावं लागतं. दुर्लक्ष केलं तर त्यांच्यावरही कारवाई होऊ शकते. “आपल्याला काय करायचंय, गावातलंच पोरगं आहे,” असं म्हणून चालत नाही.

खबर देणाऱ्याचं नाव फुटेल ही भीती असते. कलम ६८ प्रमाणे खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. मात्र बांधाच्या भांडणातून, भावकीच्या रागातून कुणावर खोटी खबर देऊ नका. मुद्दाम खोटी माहिती देऊन कुणाची झडती किंवा अटक घडवली, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अंबाडीला घाबरू नका

पानं बघून घोटाळा होतो तो अंबाडीचा. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच तिची पानं गांजासारखी दिसतात म्हणून ‘कॅनाबिनस’ पडलंय. ओळख सोपी आहे. अंबाडीचं पान चवीला आंबट, फूल मोठं, फिकट पिवळं आणि मधे गडद लाल. गांजाचं पान हाताच्या पंजासारखं पाच-सात सुट्या पात्यांचं असतं आणि प्रत्येक पात्याच्या कडेला करवतीसारखे दात असतात. त्याला पाकळ्यांचं फूल येत नाही, हिरवट चिकट तुरे येतात आणि वास उग्र असतो. अंबाडीची भाजी बिनधास्त लावा, बिनधास्त खा.

झाड दिसलं तर काय करायचं?

• तोडून वाळवू नका, घरात आणू नका, कुणाला देऊ नका. तोडलेले शेंडे हातात आले की बाळगण्याचा गुन्हा वेगळा लागू शकतो.
• जागेवरच फोटो काढा. पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवा. ११२ वर फोन करता येतो. अमली पदार्थांच्या माहितीसाठी १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे.
• शक्य असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढं तोच कागद तुम्हाला वाचवतो.
• गुन्हा दाखल झालाच आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. हेल्पलाईन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अटकेत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पोरगं स्वतःच ओढत असेल तर?

आई-बाप पोलिसांच्या भीतीनं गप्प राहतात आणि व्यसन वाढत जातं. कायद्यात यावर वाट आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर कलम ६४-अ प्रमाणे तो खटल्यातून सुटू शकतो. उपचार मात्र पूर्ण करावा लागतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा टोल फ्री नंबर आहे. पण परसात झाड लावलं असेल तर ही सवलत कामाला येत नाही. म्हणून लक्ष वेळेतच द्या. पोराच्या मोबाईलवर शेंडे खुडायचे व्हिडिओ दिसले, तर रागावण्याआधी त्याला शेजारी बसवून हा लेख वाचायला द्या.