संकेतस्थळ बंद पडले तर वार्ताहराला काय सांगावे?

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला एक प्रश्न महिन्याकाठी तरी ऐकावा लागतोच : "साहेब, मशीन बंद आहे, मग माझे पैसे आहेत ना?" विचारणारी बहुधा पेन्शनसाठी आलेली म्हातारी असते. तिला नुसते 'सर्व्हर डाऊन' म्हटले तर गल्लीत बातमी पोहोचते, बँक बुडाली! वार्ताहराचा प्रश्न याहून वेगळा नसतो. फक्त त्याच्यामागे ऐकणारे हजारो असतात.

८ जून २०२१ ची घटना पाहण्यासारखी आहे. फास्टली ही अमेरिकन कंपनी निरनिराळ्या संकेतस्थळांची पाने जगभरच्या आपल्या यंत्रांवर साठवून वाचकाला जवळच्या यंत्रावरून पुरवते. त्या दुपारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सव्वातीननंतर, तिच्या जाळ्याचा सुमारे ८५ टक्के भाग बिघडला. 'गार्डियन', 'न्यूयॉर्क टाइम्स', ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ, सारेच अडले. म्हणजे प्रश्न विचारणारेच स्वतः बंद पडले होते!

कंपनीने दहा-अकरा मिनिटांत 'अडचण आहे, तपास चालू आहे' एवढे जाहीर केले. कारण अजून कळले नव्हते, म्हणून सांगितलेही नाही. ४९ मिनिटांत ९५ टक्के काम सुरळीत झाले. नंतर खुलासा आला : १२ मे रोजी बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष दडलेला होता, एका ग्राहकाने केलेल्या रीतसर बदलामुळे तो उफाळला. मला आवडले ते पुढचे. ग्राहकाचे नाव सांगितले नाही, आणि हे आम्हाला आधी ओळखता यायला हवे होते, असे स्वतःच कबूल केले. आपल्याकडे अशा वेळी पहिला दोष ग्राहकाच्या माथी जातो, हा माझा अनुभव.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. कंपनीला दिलगिरी सांगायला ट्विटरवर जावे लागले. सबब खुलाशाची जागा बंद पडणाऱ्या घराबाहेर ठेवावी. वार्ताहरांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवावेत हे उत्तम, आणि बोलणारा एकच असावा. माहितीच्या चोरीबद्दल फेसबुकने 'तसा पुरावा आढळलेला नाही' असे म्हटले. 'काहीही झाले नाही' आणि 'पुरावा आढळला नाही' यांत फरक आहे. तपासाआधी पहिले वाक्य उच्चारले आणि ते उद्या खोटे ठरले, तर परवाचे खरेही कोणी ऐकत नाही.

विद्यार्थी मित्रांना हे परके वाटू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अर्धा तास बंद पडले, तर अधिकारी 'तांत्रिक बिघाड' म्हणून मोकळे होतात. वार्ताहरही तेवढेच लिहून घेतो. पण अर्जदाराला हवे असते दुसरेच : भरलेला अर्ज पोहोचला की नाही, आणि मुदत वाढणार का? ज्याला उत्तर देण्याचा अधिकार आहे त्याने फोनवर याच दोन गोष्टी आधी सांगाव्यात. ठरले नसेल तर किती वाजता ठरेल ते सांगावे. बिघाडाचे नाव दुसऱ्या दिवशी छापले तरी चालते.