तीन मुलखांची दारू, एक रस्ता

नाशिकहून पेठच्या दिशेनं निघालं की आधी सावळघाट लागतो, मग कोटंबीचा घाट. पेठ मागे पडतं, थोड्या वेळात महाराष्ट्राची हद्द संपते आणि गुजरातचा कपराडा तालुका सुरू होतो. पुढे वापी, आणि वापीला खेटून दमण. या रस्त्यानं टोमॅटो, कांदा, द्राक्षं, वापीच्या कारखान्यांचा माल अशी रात्रंदिवस ये-जा चालू असते. याच रस्त्यानं दारूही जाते, आणि ती दोन्ही दिशांनी जाते. नाशिककडून गुजरातेत जाते, कारण तिथे दारूबंदी आहे. दमणकडून नाशिकला येते, कारण तिथे ती स्वस्त आहे.

खरं तर रस्ते तीन आहेत. दुसरा त्र्यंबकेश्वरहून मोखाडा-जव्हारमार्गे दादरा-नगर हवेलीतल्या खानवेल आणि सिल्वासाला जाणारा. तिसरा वणीवरून बोरगाव-हातगडमार्गे सापुताऱ्याला. सुरतेहून वणीच्या देवीला, त्र्यंबकेश्वरला, शिर्डीला येणारी कुटुंबं बहुतेक याच तिसऱ्या रस्त्यानं येतात. अलीकडे त्यांत गंगापूर धरणाच्या परिसरातल्या आणि दिंडोरीच्या वायनरी पाहायला येणाऱ्यांची भर पडली आहे. शनिवार-रविवारी या वायनरींच्या वाहनतळावर जीजे 05 आणि जीजे 15 या पाट्या, म्हणजे सुरत आणि वलसाडच्या गाड्या, हटकून दिसतात. राजीव सामंत यांनी सुला सुरू केली, तिची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत नाशिक ही देशाची वाइन राजधानी म्हणून ओळखली जाऊ लागली. दिंडोरीत परदेशी कंपन्यांनीही वाइनचे आणि मद्याचे मोठे कारखाने थाटले. अशा जिल्ह्याला दारूबंदी असलेल्या राज्याची हद्द लागून असली, की परतीच्या गाडीत बाटली जाणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ती कशी जाते? सहलीला आलेला माणूस एखादी बाटली स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवतो, लहान मुलांच्या कपड्यांच्या बॅगेत तळाशी गुंडाळतो, व्होडका पाण्याच्या बाटलीत ओततो, व्हिस्की शीतपेयाच्या बाटलीत. बहुतेकांना ते जरासं धाडस वाटतं. पण गुजरातच्या कायद्यात त्याला धाडस म्हणत नाहीत. 2017 मध्ये तिथला दारूबंदी कायदा दुरुस्त करून दारूची निर्मिती, विक्री, वाहतूक अशा गुन्ह्यांची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला तिथे परवाना मिळू शकतो. सुरतेच्या रहिवाशाला पर्यटक म्हणून तो मिळत नाही.

दारू लपवून नेण्याचा हाच खेळ जगभरच्या क्रूझ जहाजांवर चालतो. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बारवर कमाई करायची, हा त्या धंद्याचा हिशेब. म्हणून प्रवाशानं स्वतःची दारू आणू नये असा नियम. काही बड्या अमेरिकी कंपन्या जहाजावर चढताना प्रौढ माणशी वाइनची एक बाटली आणू देतात, त्यापलीकडे नाही. मधल्या बंदरावर घेतलेली बाटली चढतानाच ताब्यात घेतली जाते आणि प्रवासाच्या अखेरीस परत मिळते. प्रवासी मग शाम्पूच्या, माउथवॉशच्या बाटल्या धुऊन त्यांत रम भरतात. खास याच कामासाठी बनवलेल्या, रिकाम्या झाल्या की चपट्या होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या बाजारात विकायला असतात. त्या पिशव्यांचं 'रम रनर' हे नाव अमेरिकेतल्या 1920 ते 1933 च्या दारूबंदीतल्या तस्करांवरून आलेलं. जमिनीवर बंदी, म्हणून लोक जहाजात बसून समुद्राची हद्द ओलांडायचे, पिऊन परत यायचे. जहाजांवरच्या दारूवरून झालेल्या कज्ज्यात, क्यूनार्ड विरुद्ध मेलन या 1923 च्या निकालात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जहाजानंही अमेरिकेच्या सागरी हद्दीत दारू आणायची नाही, कुलूपबंद असली तरी नाही. मात्र अमेरिकी जहाजांना हद्दीबाहेर गेल्यावर ती देण्याची मुभा राहिली. पाण्यावर न दिसणारी एक रेघ, तिच्या अलीकडे गुन्हा आणि पलीकडे गिऱ्हाईक. हातगडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

फरक आहे तो पकडलं गेल्यावर. जहाजावर शाम्पूच्या बाटलीत रम सापडली तर बहुधा ती ओतून देतात आणि विषय तिथेच संपतो. पेठच्या रस्त्यावर गाडी जप्त होते, गुन्हा दाखल होतो आणि कोठडीत जातो तो बहुतेक वेळा चालक.

मुळात ही रेघ आली कुठून, हे पाहायला हवं. हद्दीच्या दोन्ही बाजूंचा दारूबंदी कायदा एकच होता. मुंबई दारूबंदी कायदा, 1949. त्या वेळी नाशिक, सुरत, डांग सगळे मुंबई राज्यात. मोरारजी देसाई दारूबंदीचे खंदे पुरस्कर्ते. 1960 मध्ये राज्याचे दोन तुकडे झाले आणि कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातनं तो कडक ठेवला. महाराष्ट्रानं साठच्या आणि सत्तरच्या दशकांत तो टप्प्याटप्प्यानं सैल केला, पण रद्द केला नाही. आजही आपल्याकडे तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा याच नावानं लागू आहे, पिणाऱ्याकडे परवाना असावा अशी त्याची अपेक्षा आहे, आणि परराज्यातली दारू परवानगीविना आणणं हा त्यात गुन्हा आहे. दमण या सगळ्याच्या बाहेर राहिलं, कारण ते 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. दादरा-नगर हवेली 1954 मध्ये मुक्त झाली, त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे उतरले होते. हे दोन्ही प्रदेश केंद्रशासित झाले, 26 जानेवारी 2020 पासून एकत्र आले, आणि त्यांचा दारूवरचा कर कमी राहिला.

आता कराचं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पण पिण्याची दारू त्याबाहेर ठेवली. राज्यघटनेनं ती राज्यांच्या यादीत टाकली आहे, आणि हे उत्पन्न सोडायला एकही राज्य तयार नव्हतं. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या एकाच ब्रँडच्या बाटलीची किंमत हद्द ओलांडली की बदलते. महाराष्ट्र सरकारनं 10 जून 2025 च्या मंत्रिमंडळ बैठकीत ही दरी आणखी रुंद केली. लिटरमागे 260 रुपयांपर्यंत उत्पादनमूल्य जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क त्या मूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट झालं. 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किरकोळ किंमत 205 रुपये ठरली, देशीची 80, धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या नव्या 'महाराष्ट्र मेड लिकर'ची 148. बिअर आणि वाइनला हात लावला नाही, म्हणून नाशिकच्या वायनरी वाचल्या. वर्षाला 14,000 कोटी रुपयांचा जादा महसूल हे सरकारचं उद्दिष्ट. 14 जुलैला राज्यभरातल्या परमिट रूम आणि बारचालकांनी करवाढीविरोधात बंद पाळला. त्यांच्या मागण्यांचं काय व्हायचं ते होवो, पण हद्दीवरच्या पोरालाही कळणारी गोष्ट त्या दिवसांत फारशी कुणी बोललं नाही. नाशिकमध्ये क्वार्टर महागली, की सिल्वासाहून ती आणून देणाऱ्याचा नफा त्याच दिवशी वाढतो. त्याला एक पैसाही जास्त गुंतवावा लागत नाही.

या धंद्याचं माप पेटी. एका पेटीत 750 मिलीच्या 12 बाटल्या, किंवा हाफच्या 24, किंवा क्वार्टरच्या 48. क्वार्टर प्लास्टिकची असली तर फुटत नाही, वाजत नाही, वजनालाही हलकी, म्हणून चोरट्या वाहतुकीत ती सोयीची. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या भरारी पथकांच्या कारवायांच्या बातम्या नाशिककर वर्षानुवर्षं वाचत आले आहेत आणि त्यांतली एक ओळ जवळजवळ पाठ झाली आहे: केवळ दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथे विक्रीस परवानगी असलेला मद्यसाठा जप्त. हे पथकाला कळतं बाटलीवरून. प्रत्येक लेबलवर ती कोणत्या राज्यात विकायची ते छापलेलं असतं, शेजारी बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख. हे लपवायचं म्हणून पेट्यांवर कांद्याच्या गोण्या रचतात, भाजीचे क्रेट ठेवतात, टेम्पोच्या हौद्याला खोटा पत्रा ठोकून मागे हातभर रुंदीचा चोरकप्पा करतात. बाहेरून हौदा मोजला आणि आतून मोजला, तर हातभर जागा कमी भरते. अनुभवी जवान टेप घेऊनच गाडीत चढतो, आणि पत्र्यावर मूठ आपटून आवाज ऐकतो. काही वेळा माल उघड्यावरच असतो, फक्त वाहतूक पास बनावट असतो.

यातला सगळा माल जसाच्या तसा विकला जात नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथे आहे. भंगारात आलेल्या महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या चढ्या भावानं उचलल्या जातात, त्यांत स्वस्त दारू भरून नवं बूच बसवलं जातं. पिणाऱ्याला काय प्यायलो ते कळत नाही. विषारी दारूचे बळी अशाच अंधारात जातात. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं मेली. जुलै 2009 मध्ये अहमदाबादेत त्याहून जास्त. जुलै 2022 मध्ये बोटाद परिसरात चाळीसवर. मिथेनॉल आधी डोळे घेतं, मग जीव. मेलेले बहुतेक रोजंदारीवरचे, कारण खात्रीची बाटली त्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. दारूबंदी असलेलं राज्य आणि भरमसाट कर लावणारं राज्य या बाबतीत एकाच जागी येऊन पोहोचतात: दोन्हीकडे गरीब माणूस बिनलेबलाच्या दारूकडे ढकलला जातो.

आणि जीव पकडणाऱ्यांचेही जातात. जुलै 2024 मध्ये चांदवड परिसरात दारू घेऊन निघालेल्या मोटारीचा उत्पादन शुल्क विभागाचं पथक पाठलाग करत होतं. त्या मोटारीनं सरकारी गाडीला धडक दिली, गाडी उलटली आणि तिच्या चालकाचा मृत्यू झाला. पथकाचे जवान रात्रीच्या रात्री घाटात उभे असतात, समोरून येणारी गाडी थांबेल की अंगावर येईल हे त्यांना ठाऊक नसतं. आपण वाचतो ती फक्त जप्त मालाची किंमत.

ज्या मुलखातून हे सगळं जातं, त्याचं दारूशी नातं आपल्या कायद्यांपेक्षा कितीतरी जुनं आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, जव्हार, डांग हा मोहाचा पट्टा. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या घरी मोहाची दारू लग्नाला, मयताला, देवाच्या कामाला लागे. इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्यानं ती गाळण्याचा हक्क हळूहळू ठेकेदारांच्या हाती दिला आणि 1892 मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आणले. घरची दारू गुन्हा ठरली, पिठ्यावरची विकत घ्यावी लागली, कर्ज झालं, जमिनी गेल्या. मग 1922 मध्ये या डोंगराळ पट्ट्यात सलाबाई नावाच्या देवीचा संचार सुरू झाला. पालघरच्या किनाऱ्याकडून डोंगर चढत तो सुरत जिल्ह्यात पोहोचला. अंगात आलेले भगत सांगू लागले, दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पिठेवाल्याकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी ते मानलं. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकारानं या चळवळीवर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. सरकारनं सांगितलं नव्हतं, कुणी शिक्षा ठेवली नव्हती, तरी लोकांनी आपणहून बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर कायद्यानं बंदी लादणाऱ्यांनी त्या आठवणीवर काही उभारायला हवं होतं. त्याऐवजी हद्दीवर नाके उभे राहिले.

आज त्याच पट्ट्यातला तरुण या साखळीचं शेवटचं टोक आहे. भातकापणी झाली की पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षबागांत मजुरीला येतात, वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत जातात. ज्याला गाडी चालवता येते, घाटातल्या आडवाटा ठाऊक असतात, त्याला एका रात्रीच्या खेपेसाठी आठवड्याच्या मजुरीहून जास्त पैसे देणारा कुणीतरी भेटतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर, माल तिसऱ्याचा, फोनवर बोलणारा चौथाच. पकडला गेला की त्याला सांगण्यासारखं एखादं टोपणनाव आणि बंद पडलेला मोबाइल नंबर एवढंच उरतं. जामिनाला घरची बैलजोडी विकावी लागते. पुढच्या हंगामात दुसरा तरुण त्या गाडीच्या चाकामागे बसतो.

2025 च्या त्याच निर्णयात उत्पादन शुल्क विभागाला 1,223 पदंही मंजूर झाली. मनुष्यबळ वाढलं हे चांगलंच. पण ती माणसं कुठे लावायची हा प्रश्न आहे. नाक्यावर आणखी चार जवान उभे केले तर आणखी चार चालक सापडतील. दुसरा मार्ग बाटलीवरच छापलेला आहे. बॅच क्रमांकावरून ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या दिवशी भरली ते कळतं. कारखान्याच्या नोंदीवरून ती कोणत्या घाऊक विक्रेत्याला गेली, आणि तिथून कोणत्या दुकानाला, हेही कळायला हवं. एकाच बॅचच्या शेकडो पेट्या एका रात्रीत हद्दीपार होतात, त्या काही सहलीच्या बॅगेतून गेलेल्या नसतात, कुणीतरी त्यांचं बिल केलेलं असतं. दमण-सिल्वासाचं प्रशासन केंद्राच्या हाताखाली आहे, गुजरात आणि महाराष्ट्राची सरकारं एकमेकांशी रोज बोलतात. जप्त झालेल्या प्रत्येक पेटीचा बॅच क्रमांक हद्दीपलीकडच्या विभागाला कळवला गेला का, त्यावरून किती घाऊक विक्रेत्यांवर दोषारोपपत्र दाखल झालं, हे आकडे दर वर्षी जप्तीच्या आकड्यांसोबत जाहीर करा, अशी मागणी नाशिकच्या आमदारांनी विधिमंडळात लावून धरायला हवी. थर्टीफर्स्टच्या बंदोबस्ताचं नियोजन डिसेंबरात होतं, हा पत्रव्यवहार त्याआधी सुरू करता येईल.