जन्माला न आलेल्या देशाचे नागरिक

इंडोनेशिया नावाचा देश 1932 साली कुठल्याही नकाशावर नव्हता. होती ती डचांची वसाहत. तरीही त्या वर्षी 25 सप्टेंबरला जावा बेटावरच्या सुरबाया शहरात काही चिनी वंशाच्या माणसांनी एक पक्ष काढला आणि जाहीर केले, की आमची मायभूमी इंडोनेशियाच. पक्षाचे नाव ‘पार्ताई तिओंगहोआ इंडोनेशिया’, म्हणजे इंडोनेशियातल्या चिन्यांचा पक्ष. जेमतेम दहा वर्षे जगलेल्या या छोट्या पक्षाची हिंमत पाहून मी अजूनही थक्क होतो.

ही हिंमत किती मोठी, हे कळायला तेव्हाची कायद्याची गुंतागुंत पाहावी लागते. डचांनी प्रजेचे तीन वर्ग पाडले होते: युरोपीय, परकीय पौर्वात्य आणि सगळ्यांत खाली ‘नेटिव्ह’. पिढ्यान्‌पिढ्या जावात राहिलेले, घरात मलय किंवा जावानीज बोलणारे, ज्यांच्या आज्या-पणज्या बहुधा तिथल्याच होत्या असे ‘पेरानाकान’ चिनीही कायद्याने परकीयच. त्यात 1909 मध्ये चीनच्या छिंग दरबाराने ठरवले, की चिनी बापाचे मूल जगात कुठेही जन्मले तरी ते चिनी. लगेच पुढच्या वर्षी डचांनी कायदा केला, की वसाहतीत जन्मलेले हे लोक आमची प्रजा. एकाच माणसावर दोन सत्तांचा हक्क! आणि 1930 च्या जनगणनेनुसार वसाहतीत चिनी वंशाचे लोक होते सुमारे बारा लाख.

या समाजात तोवर दोन वाटा होत्या. ‘सिन पो’ या वृत्तपत्राभोवतीचा गट चीनकडे डोळे लावून बसलेला. ‘चुंग ह्वा हुई’ ही श्रीमंत, डच शाळांत शिकलेल्यांची संघटना डचांशी जुळवून घेणारी. तिसरी वाट काढली लिम कून हियान या पत्रकाराने. बंजरमासिनमध्ये जन्मलेला हा माणूस सुरबायात ‘सिन तित पो’ हे वृत्तपत्र चालवत होता. पक्षाच्या स्थापनेच्या काही महिने आधी सुरबायात डच फुटबॉल संघटनेच्या सामन्यांवर बहिष्कार पडला, त्यात तो पुढे होता. चिनी, अरब आणि स्थानिक लोक त्या लढ्यात एकत्र आले होते.

त्याच वृत्तपत्रात अब्दुर्रहमान बास्वेदान हा अरब वंशाचा तरुण काम करत असे. त्याने 1934 मध्ये अरबांसाठी अशीच संघटना उभारली. एका लहान पक्षाची ठिणगी दुसऱ्या समाजात पडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पक्षाचे वकील नेते को क्वात तिओंग 1935 मध्ये वसाहतीच्या ‘फोल्क्सराड’ या प्रतिनिधिसभेत पोचले. पुढच्याच वर्षी दहा वर्षांत स्वायत्तता मिळावी यासाठी परिषद बोलावण्याची मागणी करणारा, सभेचे सदस्य सुतार्जो यांचा अर्ज आला; त्याखाली को यांचीही सही होती. सभेने तो 26 विरुद्ध 20 मतांनी मंजूर केला. हॉलंडने 1938 मध्ये फेटाळला.

एक गोष्ट मात्र बोचते. ज्यांच्या खांद्याला खांदा लावायचा, त्या राष्ट्रवादी पक्षांपैकी बहुतेकांनी चिन्यांना पूर्ण सदस्यत्व दिले नाही. 1937 मध्ये निघालेल्या ‘गेरिंदो’ या राष्ट्रवादी पक्षाने दार उघडले आणि लिम तिकडे गेला. 1942 मध्ये जपानी आले आणि पक्ष संपला.

लिम 1945 मध्ये स्वातंत्र्याची तयारी करणाऱ्या समितीत बसला. चिनी वंशाच्या सर्वांना आपोआप नागरिकत्व द्या, असे त्याचे म्हणणे होते. पण स्वतंत्र देशाच्या सरकारनेच 1951 च्या डाव्यांविरुद्धच्या धरपकडीत त्याला तुरुंगात टाकले. दुखावलेल्या लिमने इंडोनेशियाचे नागरिकत्व सोडले आणि 1952 मध्ये मेदानमध्ये तो वारला.

जन्माने नागरिक असलेला आणि स्वेच्छेने परके नागरिकत्व न घेतलेला प्रत्येक जण ‘मूळचा इंडोनेशियन’, मग वंश कोणताही असो, हे इंडोनेशियाच्या कायद्यात आले ते 2006 साली.