मूल कोणापाशी असते?

वस्तीत पाळणाघर काढावे असा विचार निघाला की, बहुधा कोणीतरी सुज्ञ मनुष्य सुचवितो की, आधी पाहणी करावी. सूचना रास्तच असते. मग एक कागद तयार होतो, चार तरुण घरोघर जातात, ‘आपणांस पाळणाघराची आवश्यकता आहे काय?’ असा प्रश्न विचारतात आणि आठ दिवसांनी अहवाल येतो की, बहुतेक घरांना आवश्यकता नाही. विषय मिटतो. त्याच घरांपैकी एखाद्या घरात दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी असते. परंतु आईच्या मनात मुलाची व्यवस्था झालेली असल्यामुळे तिच्या दृष्टीने तिने दिलेले उत्तर खरेच असते. त्या मुलीची बुडालेली शाळा मात्र कागदावर कोठेच येत नाही. बालसंगोपनाची मोजणी हा विषय वरवर पाहता रुक्ष खरा. पण प्रश्नाच्या शब्दरचनेवर एखाद्या मुलीचे बालपण अवलंबून असू शकते, हे ध्यानात आले म्हणजे तो तितका रुक्ष राहत नाही. यास्तव आज वाचकांचा थोडा वेळ आम्ही त्यासाठी मागत आहोत.

ही दडलेली गरज आपल्याकडे फार पूर्वी ओळखली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात गेले. शाळा होती, शिकविणारे होते, पण मुले येईनात. नुसता हजेरीपट पाहणाऱ्याने निष्कर्ष काढला असता की, या लोकांना शिक्षणाची हौस नाही. ताराबाईंनी हजेरीपट बाजूला ठेवला आणि मूल दिवसभर काय करते ते पाहिले. मोठी मुले धाकट्यांना सांभाळीत होती, गुरे राखीत होती. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्याला घेऊन आलेल्या बहिणीला त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसता येऊ लागले. आणि जी बालके बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती, त्यांच्या अंगणातच बालवाडी नेण्यात आली. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून आलेला आहे. मागणी मोजण्याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही.

मागणी मोजताना घोटाळा होतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिला प्रश्न असतो, ‘आपण काम करता काय?’ बेळगावच्या शहापूर किंवा वडगाव भागात घरातच मागावर बसणारी बाई या प्रश्नाला पुष्कळदा ‘नाही, मी घरीच असते’ असे उत्तर देईल. पापड लाटणारी, शिवणकाम करणारी, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणारी बाईही कित्येकदा तसेच सांगते, कारण ‘काम’ या शब्दाने तिच्या डोळ्यांपुढे कचेरी किंवा कारखाना उभा राहतो. दुसरा प्रश्न, ‘पाळणाघर निघाले तर मुलास पाठवाल काय?’ जी वस्तू कधी पाहिली नाही, जिची फी, वेळ वा अंतर ठाऊक नाही, तिच्याविषयी मनुष्य एकतर भीतीपोटी ‘नाही’ म्हणतो, नाहीतर पाहुण्याचे मन राखण्यासाठी ‘हो’ म्हणतो. दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी.

याऐवजी गेल्या आठवड्याविषयी विचारावे. सोमवारी सकाळी आठ ते दहा मूल कोणापाशी होते? दहा ते बारा? आई त्या वेळी कोठे होती, बाप कोठे होता? असा प्रत्येक मुलाचा, प्रत्येक दिवसाचा तक्ता भरला की, त्यात आजी दिसते, शेजारीण दिसते, शाळा बुडविणारी बहीण दिसते आणि कधीकधी कोणीच दिसत नाही. तो कोरा रकाना हीच खरी मागणी, मग आई तिला मागणी म्हणो वा न म्हणो. भविष्याविषयी विचारावयाचेच असेल, तर सोय नेमकी वर्णन करावी: सकाळी ८ ते सायंकाळी ६, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, महिन्यास अमुक रुपये. हा ‘अमुक’ आकडा निरनिराळ्या घरांत चिठ्ठ्या टाकून निरनिराळा ठेवला, तर फी वाढली असता किती घरे मागे हटतात तेही कळते.

आमच्या सरकारी पाहण्यांनीही ही वाट काही अंशी धरली आहे. १९९८-९९ साली वेळेच्या विनियोगाची एक प्रायोगिक पाहणी सहा राज्यांत झाली. त्यांत मध्य प्रदेश आणि गुजरात होते, म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील आमच्या वाचकांचे प्रांत. पुढे २०१९ साली संपूर्ण देशासाठी अशी पाहणी झाली व २०२४ मध्ये ती पुन्हा करण्यात आली. पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंतचा काळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत मांडावयाचा, ही तिची रीत. २०१९ च्या पाहणीत आढळले की, घरातील मुलाबाळांची, आजाऱ्यांची व वृद्धांची बिनवेतन सेवा ज्या स्त्रिया करतात त्या दिवसाला सरासरी १३४ मिनिटे करतात, आणि ज्या पुरुषांना ती करावी लागते ते ७६ मिनिटे. तिची एक गोष्ट आम्हांस विशेष स्तुत्य वाटते: सहा वर्षांवरील प्रत्येकाचा दिवस त्यात नोंदला जातो, म्हणून सात वर्षांच्या मुलीने भावाला सांभाळलेला वेळही निदान हिशेबात येऊ शकतो. उणीव एवढीच की, सहा वर्षांखालील बालकाचा स्वतःचा दिवस तेथे नाही; सांभाळणाऱ्याचा वेळ कळतो, सांभाळल्या जाणाऱ्याचा कळत नाही. शिवाय चूल पेटलेली असताना, एक डोळा रांगत्या मुलावर ठेवून भाकऱ्या थापणारी आई त्या अर्ध्या तासात नक्की काय करीत होती, हे तिलाही सांगता येणे कठीण. ‘मूल तुमच्या नजरेखाली होते काय?’ असे वेगळे विचारल्याविना ते निसटतेच.

आता पुरवठ्याकडे वळू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली; आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आकडा ऐकून समाधान वाटावे असा आहे आणि अंगणवाडी सेविकांचे उपकारही मोठे आहेत. परंतु बहुतेक अंगणवाड्या दिवसातील काही तासच चालतात आणि तीन वर्षांखालील मुलासाठी तेथून मुख्यतः घरी न्यावयाचा आहार मिळतो. आई कामावरून येईपर्यंत त्याला ठेवून घेण्याची सोय सामान्यतः नाही. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या आईसाठी गावात अंगणवाडी असूनही पाळणाघर शून्य! २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा उपक्रम सुरू झाला, तो ही खिंड बुजविण्यासाठीच. यास्तव पुरवठा मोजताना केंद्रे किती, एवढ्यावर थांबू नये. कोणत्या वयाची मुले घेतात, कोणत्या वेळेत, किती फी घेऊन, हे विचारावे. आणि मंजूर जागा, पटावरील नावे व त्या दिवशी हजर असलेली मुले हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत. या तिघांची एकमेकांशी किती थोडी ओळख असते, हे ज्यांनी शाळा चालविल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

कायद्यानेही पाळणाघरांची तरतूद झाली. १९४८ च्या कारखाने कायद्यात ती होती; २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर तशी जबाबदारी टाकली. पण जिला धनीच नाही, त्या भाजीवाल्या बाईने ही सोय कोणाकडे मागावी?

पुरवठ्याचा आणखी एक भाग कोणत्याच दप्तरात नसतो. तो शोधण्याची एक चांगली रीत अमेरिकेत २०१२ साली वापरली गेली. शिकागो विद्यापीठातील ‘नॉर्क’ या संस्थेने सरकारसाठी केलेली ही बालसंगोपनाची राष्ट्रीय पाहणी एक नसून, एकमेकींत गुंतलेल्या चार पाहण्या होत्या: १३ वर्षांखालील मुले असलेली कुटुंबे, घरी मुले सांभाळणारी माणसे, संगोपन केंद्रे आणि त्या केंद्रांतील शिक्षक-सेविका. नोंदलेल्या व्यक्तींची यादी तर घेतलीच, पण त्याखेरीज घरोघर विचारले की, आपल्या घरात कोणी दुसऱ्याचे मूल आठवड्यातून निदान पाच तास नियमाने सांभाळते काय? या एका प्रश्नाने अवघे चित्र पालटले. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्रांमधून काम करणारे सुमारे १० लाख लोक आढळले, घरी पैसे घेऊन सांभाळणारे आणखी सुमारे १० लाख, आणि एक पैही न घेता सांभाळणारे सुमारे २७ लाख. आजी, मावशी, शेजारीण! केंद्रांची यादी हाच पुरवठा असे मानून चालणाऱ्याच्या हिशेबातून हे सर्व सुटले असते. अमेरिकेसारख्या देशात जर हे प्रमाण, तर आमच्या वाड्यांत व चाळींत ते काय असेल!

त्या पाहणीची दुसरी खुबी अशी की, ज्या परिसरातील कुटुंबे निवडली, त्याच परिसरातून केंद्रेही निवडली. जिल्ह्यात जागा पाचशे आणि मुले पाचशे, म्हणून सगळे ठीक, असे म्हणता येत नाही. जागा नदीच्या अलीकडे आणि मुले पलीकडे असली तर तो हिशेब फोल. मागणी व पुरवठा एकाच गल्लीतून, एकाच आठवड्यात मोजला तरच त्यांची तुलना करता येते. अमेरिकेत यापूर्वी अशा जोडीच्या पाहण्या १९९० साली झाल्या होत्या. मध्ये २२ वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात तान्ह्या मुलांना मुले झाली! पुढे २०१९ व २०२४ मध्ये हे काम पुन्हा हाती घेण्यात आले.

दर्जा हे मात्र सर्वांत अवघड प्रकरण. आईबापांस विचारावे, तर ते बहुधा ‘फार चांगले’ असेच म्हणतात. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात एका मोठ्या अभ्यासात पालक आणि शिकविलेले निरीक्षक या दोघांकडून एकाच वर्गांना गुण देवविले, तेव्हा पालकांचे गुण निरीक्षकांपेक्षा कितीतरी वर गेले. आम्हांस यात नवल वाटत नाही. आई पाळणाघराचा उंबरठा सकाळी पाच मिनिटे व सायंकाळी पाच मिनिटे पाहते. शिवाय जिला दुसरा उपाय नाही, तिला आपल्या लेकराची जागा वाईट आहे हे स्वतःपाशी कबूल करणेही जड जाते. तिला दोष कसा द्यावा?

म्हणून दर्जा विचारून कळत नाही, तेथे बसून पाहावा लागतो. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेली मोजपट्टी याच तत्त्वावर आहे. निरीक्षक वर्गात काही तास गप्प बसतो आणि एकेका बाबीस १ ते ७ गुण देतो. १ म्हणजे अपुरे, ३ म्हणजे कसेबसे, ५ चांगले, ७ उत्तम. जागा, खेळणी, हात धुण्याची सोय हे सारे त्यात येतेच, पण खरे मोल आहे ते सेविका व मूल यांच्यातील व्यवहाराला. मूल रडले तर किती वेळात कोणी जवळ गेले? बाई मुलाच्या उंचीवर खाली बसून बोलतात की उभ्याने हुकूम सोडतात? मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले काय? रंगविलेल्या भिंती आणि चकचकीत घसरगुंडी पाहून आपण फसतो. एका बाईपाशी किती तान्ही मुले आहेत, हा साधा आकडा भिंतींच्या रंगापेक्षा पुष्कळ अधिक सांगून जातो. परदेशची पट्टी जशीच्या तशी आपल्याकडे लावू नये, हेही खरे. जमिनीवर सतरंजीवर बसून जेवणाऱ्या मुलांना खुर्ची-टेबल नाही म्हणून गुण कापणे हास्यास्पद होईल.

एकाच दिवसाचे छायाचित्र फसवे असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. राजस्थान, आसाम आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश (ज्यात आजचे तेलंगण येते) येथील चार वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलांचा काही वर्षे मागोवा घेणारा एक भारतीय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, मुले अंगणवाडी, खासगी बालवर्ग आणि प्राथमिक शाळा यांमध्ये इकडून तिकडे जात राहतात. कोणी वयाआधीच पहिलीत बसते, कोणी तेथून पुन्हा बालवर्गात येते. ज्या महिन्यात मोजाल, तसे उत्तर मिळेल.

आता आपल्या वस्तीत कोणास असे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडेसे. धर्मग्रामाची कुटुंबयादी हाताशी असते, म्हणून तिच्यावरून घरे निवडण्याचा मोह आवरावा. यादीत तीच कुटुंबे असतात जी आपल्यापर्यंत येतात. गेल्या पावसाळ्यात बांधकामावर आलेली आणि पत्र्याच्या खोपटात राहणारी कुटुंबे तिच्यात नसतात, आणि गरज बहुतेक तेथेच असते. गल्लीगल्लीतून घरे मोजून, दर पाचवे किंवा दहावे घर घ्यावे. दार बंद आढळले तर शेजारचे घर घेऊ नये. सायंकाळी, रविवारी पुन्हा जावे, कारण बंद दाराच्या घरातील आईच कामावर गेलेली असते. तिला वगळून शेजारणीला मोजणे म्हणजे जिच्यासाठी पाहणी, तिलाच गाळणे. प्रश्नावली आधी वीस घरांत चाचपून पाहावी आणि ‘काम’ व ‘सांभाळणे’ हे शब्द लोक कशा अर्थाने घेतात ते ऐकावे; बेळगावच्या मराठीत, गोव्याच्या बोलीत आणि इंदूरच्या मराठीत ते सारखे असतीलच असे नाही. मिळालेली उत्तरे चारचौघांत बोलू नयेत, हे निराळे सांगावयास हवे काय? आणि घरात मोठी मुलगी असेल, तर आईची संमती घेऊन, आईच्या समक्ष, तिलाही एक प्रश्न विचारावा: काल दुपारी ती कोठे होती.