आयेंदेमधले पांढरे ठिपके

करवतीने कापलेल्या आयेंदे उल्केचा काप काळपट करडा दिसतो. त्यात मधूनच पांढरे, वेडेवाकडे ठिपके. काही डोळ्यांना जेमतेम दिसणारे, काही सेंटिमीटरभर. सूर्यमालेत तयार झालेल्या घन पदार्थांपैकी आजवर वय मोजता आलेले सर्वांत जुने हेच: सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षांचे.

८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात या उल्केच्या तुकड्यांचा वर्षाव झाला. दोन टनांच्या आसपास तुकडे हाती लागले. योग असा, की चंद्रावरचे दगड येणार म्हणून प्रयोगशाळा तेव्हा सज्ज होऊन बसल्या होत्या.

काचपट्टीवर चिकटवलेला काप ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासतात. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मूलद्रव्यांचा नकाशा निघतो. मॅग्नेशियमला लाल, कॅल्शियमला हिरवा आणि ॲल्युमिनियमला निळा रंग दिला, की ठिपक्यांतले स्पिनेल हे खनिज जांभळे आणि मेलिलाइट हे खनिज हिरवट-निळे दिसते. भोवतीची जमीन लालसर.

खरी गंमत पुढे आहे. नवजात सूर्याभोवतीचा तापलेला वायू निवताना कोणते खनिज कधी गोठेल, याचा क्रम लॅरी ग्रॉसमन यांनी १९७२ साली गणिताने मांडला. १,४०० अंशांच्या आगेमागे, लोखंड अजून वाफच असताना, कॅल्शियम-ॲल्युमिनियमची खनिजे गोठू लागतात. या क्रमात मेलिलाइट आधी, स्पिनेल नंतर. पण कित्येक ठिपक्यांत स्पिनेलचे बारीक स्फटिक मेलिलाइटच्या पोटात अडकलेले! म्हणजे गोठल्यावर ते पुन्हा वितळले. वितळलेल्या थेंबात स्पिनेल आधी बाहेर पडते. प्रयोगशाळेत तसेच थेंब बनवून पाहिले, तर निवण्याचा वेग तासाला फार तर काही डझन अंश निघाला. मोकळ्या अवकाशात एवढासा थेंब क्षणात गार व्हायचा. अर्थात भोवतालही तापलेलाच होता.

सगळे मात्र वितळले नाहीत. काही ठिपके अजून विरविरीत आहेत, वायूतून गोठले तसेच.

ठिपक्यांतल्या अनॉर्थाइट या खनिजात ॲल्युमिनियम भरपूर, मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. तिथेच १९७६ साली कॅलटेकमधल्या संशोधकांना मॅग्नेशियम-२६ हिशेबापेक्षा जास्त सापडले. सुमारे सात लाख वर्षे अर्धायुष्य असलेल्या आणि क्षय होऊन मॅग्नेशियम-२६ बनणाऱ्या ॲल्युमिनियम-२६ चा हा माग. खनिज तयार झाले तेव्हा हे ॲल्युमिनियम अजून शिल्लक होते.

एवढ्या उष्णतेची जागा सूर्याजवळचीच असणार. तरी २००६ साली स्टारडस्ट यानाने विल्ट-२ धूमकेतूची धूळ आणली, तर तिच्यातही या ठिपक्यांच्याच जातीचा कण निघाला. धूमकेतू नेपच्यूनपलीकडच्या थंडीतला. असे कण तिथवर सूर्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतल्या खळबळीने सरकत गेले की सूर्याजवळून सुटणाऱ्या वाऱ्याने भिरकावले गेले, यावर संशोधकांचे अजून एकमत झालेले नाही.